त्वचारोगाची परीक्षा आणि माझं सॉफ्टवेअर



वरठीची संगणकवाली डॉक्टरांना काय शिकवते, असं सकाळी कुणीतरी विचारलं. शिकवत नाही, त्वचारोगाच्या एमडीसाठी सरावाचं सॉफ्टवेअर लिहिते. ३ वर्षांच्या शेवटी ४ लेखी पेपर, मग प्रात्यक्षिक. स्पॉटर्सचा सराव त्यात छान होतो: फोटो बघा, निदान लिहा, घंटा वाजली की पुढचा. पण परदेशी पुस्तकांतला लालपणा आपल्या सावळ्या कातडीवर तसा दिसत नाही, म्हणून फोटो इथल्याच रुग्णांचे, परवानगीनं घेतलेले.

लाँग केसपुढे मात्र माझं काही चालत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातून कुष्ठरोग अजून गेलेला नाही. चट्टा बधिर आहे का, कोपरामागची नस जाडावली का, हे बोटांनाच कळतं. सॉफ्टवेअरच्या पहिल्याच पानावर मी तसं लिहिलंय आणि आधी वॉर्डात जायला सांगितलंय.