पुरानंतरचा ब्रिक गेम

२६ जुलै २००५ म्हटलं की मिठी नदी आठवते, सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. भिवंडीची कामवारी नदी फारशी कुणाला आठवत नाही. त्या मंगळवारी तीही फुगली होती. नदीनाका, ईदगाह रोड, खाडीपार हा सगळा सखल भाग. त्यात यंत्रमाग तळमजल्यावरच असायचे. मागावर चढवलेले बीम, सुताची पोती, विणून ठेवलेले तागे, सगळं एका रात्रीत चिखलात गेलं. ग्रे कापड एकदा चिखलात भिजलं की व्यापारी त्याला हात लावत नाही.

नुकसानीचे पंचनामे झाले. रात्रीचे पंचनामे कोण करणार? पाणी ओसरलं, तरी पावसाचा आवाज वाढला की माणसं उठून दारात पाणी आलं का, ते बघायची.

वीज गेली की टीव्ही बंद. नोकियाच्या साध्या फोनवरचा ‘स्नेक’ नेटवर्क नसतानाही चालायचा, पण बॅटरी अडीअडचणीला राखून ठेवावी लागे. उरायचा ब्रिक गेम. तळहाताएवढं प्लॅस्टिकचं खेळणं, त्यावर ‘९९९९ इन १’ अशी थाप. खेळ मोजकेच, वेग बदलून तेच ते. दोन पेन्सिल सेल घातले की चालू. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केलेल्या ‘टेट्रिस’चंच हे स्वस्तातलं भावंडं.

माझ्या परिचयाच्या एका घरात मुलाचा हा खेळ रात्री वडील घेऊन बसत. गाळ्यातले चार माग पाण्याखाली गेलेले. पत्नी वैतागून म्हणाली, “अहो, गल्लीत लोक अजून चिखल उपसतायत आणि तुम्ही खेळणं घेऊन बसलात?” ते म्हणाले, “डोळे मिटले की मागावर चढणारं पाणी दिसतं. हे हातात असलं की दिसत नाही.”

वास्तविक तेच पत्ते कुटत बसले असते, तर कुणी काही बोललं नसतं. पडद्यावरच्या खेळाला मात्र आपण लगेच बेफिकिरी म्हणतो. हिरोडोटसने लिडियाच्या लोकांची गोष्ट सांगितली आहे. मोठा दुष्काळ पडला, तेव्हा म्हणे त्यांनी फासे आणि चेंडूचे खेळ शोधले. एक दिवस खेळायचं, दुसऱ्या दिवशी जेवायचं, अशी अठरा वर्षं काढली. गोष्ट खरी असेलच असं नाही. पण संकटात खेळणाऱ्याला तिच्यात कुणी दोष देत नाही.

त्या वडिलांच्या बोलण्याला पुढे शास्त्राचाही दुजोरा मिळाला. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऑक्सफर्डला केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांना अपघातांची भीषण दृश्यं दाखवली, अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात ती दृश्यं नकळत डोळ्यांपुढे येण्याचं प्रमाण खेळणाऱ्यांत कमी होतं. काय घडलं, हे मात्र त्यांना नीट आठवत होतं. कारण असं सांगतात की मनात चित्र उमटवायला आणि विटा फिरवून बसवायला मेंदूची एकच मर्यादित शक्ती लागते. प्रश्नमंजूषेच्या खेळाने हा गुण आला नाही. म्हणजे नुसतं मन रमवणं पुरत नाही. डोळ्यांना आणि हातांना काम हवं.

२०१७ मध्ये त्यांनी इस्पितळात आणलेल्या ७१ अपघातग्रस्तांवर हेच करून पाहिलं. सहा तासांच्या आत, अपघात थोडक्यात आठवायला लावून मग खेळ दिला. पहिल्या आठवड्यात नकोशा आठवणी ६२ टक्क्यांनी कमी आल्या. हे प्रयोग रस्त्यावरच्या अपघातांचे, पुराचे नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं. पुरात माणसाचं नुसतं दृश्य नसतं, कर्जही असतं. त्यावर विटा रचून उपाय नाही.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पुराला नियम नसतो, खेळाला असतो. ओळ भरली की ती नाहीशी होणार, म्हणजे होणारच. हरलात तर बटण दाबून पुन्हा सुरुवात. गाळ्यातल्या चिखलात सबंध दिवस घालवलेल्या माणसाला तेवढं रात्री मिळालं, तर मिळू द्यावं.

मात्र महिना उलटला तरी झोप येत नसेल, पावसाच्या आवाजाने छाती धडधडत असेल, तर खेळावर विसंबू नये. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.