आर्क्टिक मंकीजचा बदलता सूर



आज बोलू या आर्क्टिक मंकीज या बँडविषयी.
इंग्लंडमधल्या शेफील्डची ही पोरं.

२००६ साली त्यांचा पहिला अल्बम आला.
गिटार सुसाट… ड्रम्स त्याहून सुसाट.
शब्द शेफील्डच्या रस्त्यावरचे, अगदी तिथल्याच हेलात.

मग हे चौघे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गेले.
तिथे रॉक संगीतकार जॉश होमी यांच्यासोबत ध्वनिमुद्रण झालं.
२००९चा ‘हमबग’ निघाला संथ, जड, काळोखा.
जागा बदलली… सूर बदलला.

२०१३च्या ‘एएम’मध्ये हिप-हॉपचा ठेका आला.
तो अल्बम जगभर गाजला.

खरी गंमत पुढे आहे.
गायक ॲलेक्स टर्नर यांना तिसाव्या वाढदिवसाला पियानो भेट मिळाला.
गिटार बाजूला राहिली.
पियानोवर बोटं वेगळी फिरतात…
चालीही वेगळ्याच सुचतात.

त्यातून २०१८चा अल्बम आला.
कल्पना कसली, तर चंद्रावरच्या हॉटेलची!
जुने चाहते बुचकळ्यात पडले.
मला मात्र हाच त्यांचा सर्वांत धाडसी अल्बम वाटतो.
वाद्य बदललं… सूर बदलला.

पहिला आणि हा २०१८चा, हे दोन्ही अल्बम लागोपाठ जरूर ऐका.
ड्रम्सवर मॅट हेल्डर्सच आहेत.
पहिल्यात ते क्षणभर थांबत नाहीत.
२०१८च्या अल्बममध्ये मात्र मोजकंच वाजवतात.