सायलेन्सरमधील ज्वाळा : एक महागडी आणि घातक हौस

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त भरलेल्या शिक्षक, पंचायत सदस्य व पालक यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. शासकीय खात्याच्या माणसाने शेती, आरोग्य, साक्षरता यांविषयी बोलावे. मोटारीच्या शेपटीतून निघणाऱ्या ज्वाळेविषयी काय बोलायचे? परंतु मोबाईलच्या पडद्यावर रात्रीच्या अंधारात धडाड् आवाज करीत हातभर निळी-पिवळी ज्वाळा ओकणारी मोटार आपल्या मुलांनी पाहिली आहे, हे ध्यानात घ्यावे. पाहिलेली वस्तू करून पाहण्याची इच्छा तरुण वयात होणारच. मुलगा गॅरेजमध्ये जातो, जुनी मोटार वा जीप मिळवतो आणि सायलेन्सर कापायला लागतो. त्याला अडवायचे असेल तर तो काय करीत आहे हे आपल्यालाही समजले पाहिजे.

या हौसेचे माहेर अमेरिकेतील कॅलिफोर्निया होय. १९३० च्या दशकापासून तेथील तरुण जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात घेऊन त्यांची इंजिने खुलवीत आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर वेगाच्या शर्यती लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांमुळे हा छंद फोफावला. १९४८ साली त्यासाठी 'हॉट रॉड' नावाचे मासिकही निघाले. मोटारीच्या मागील नळीतून ज्वाळा काढून दाखविणे हा या मंडळींचा एक आवडता खेळ. तो मोकळ्या मैदानात, उभ्या गाडीवर, साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनावर चाले. त्या गाड्यांमध्ये आजच्यासारखी नाजूक यंत्रणा नव्हती. असे असूनही कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात, वाहनातून अतिरिक्त धूर, ज्वाळा, वायू वा इंधन बाहेर पडेल अशा रीतीने ते चालवू नये, असे स्पष्ट कलम आहे. ज्या भूमीत हा खेळ जन्मला त्या भूमीनेच त्याला रस्त्यावर मज्जाव केला आहे.

ज्वाळा निघते कशी, ते थोडक्यात सांगतो. पेट्रोलचे इंजिन चार टप्प्यांत काम करते. प्रथम हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. मग दट्ट्या ते दाबतो. नंतर प्लगची ठिणगी पडून ते पेटते आणि दट्ट्याला खाली रेटते. शेवटी जळालेला वायू सायलेन्सरवाटे बाहेर जातो. वजनाने सुमारे १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल असे प्रमाण असले की सर्व इंधन जळते व त्याची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. आता गाडी धावत असताना मध्येच ठिणगी बंद केली तर काय होईल? इंजिन फिरतच राहील, पेट्रोल ओढलेही जाईल, पण जळणार नाही. ते कच्चेच सायलेन्सरमध्ये जाईल. तेथे तापलेल्या नळीने अथवा मुद्दाम बसविलेल्या दुसऱ्या ठिणगीने ते पेटते आणि बाहेरची हवा मिळताच ज्वाळा होते. नव्या गाड्यांत हेच काम संगणकाच्या आज्ञा बदलून, ठिणगी उशिरा पाडून केले जाते. कोणी तर नळीत वेगळे पेट्रोल किंवा स्वयंपाकाचा गॅस सोडण्याची व्यवस्थाही करतात.

मूळ गोष्ट अशी की, जे इंधन आत जळून गाडी ओढायचे ते बाहेर जळते. चुलीतले लाकूड चुलीत जळावे. धुराड्यातून ज्वाळा येऊ लागली तर घरधनी चुलीचे कौतुक करीत नाही, आढ्याकडे पाहतो. ज्वाळा ओकणारी मोटार शक्तिशाली आहे असा मुलांचा समज असतो. शर्यतीच्या काही गाड्यांतून ज्वाळा निघतात हे खरे. परंतु तेथे ती अन्य कामाचा परिणाम असते, आणि चालकाच्या अंगावर अग्निरोधक पोशाख व बाजूला आग विझविणारे पथक असते.

नळीत साचलेले कच्चे पेट्रोल एकदम पेटले तर ज्वाळेऐवजी स्फोट होतो आणि सायलेन्सरचा पत्रा फाटतो. याहून मोठे नुकसान 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' या भागाचे होते. विषारी वायू निरुपद्रवी करणारे हे मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र चिनी मातीचे भांडे असते. आपल्या देशात १९९५ साली ते चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचे झाले. कच्चे पेट्रोल त्यात जळू लागले की उष्णता भांड्याच्या सहनशक्तीपलीकडे जाते, पोळे वितळते आणि वायूचा मार्गच तुंबतो. मग ज्या गाडीचा रुबाब दाखवायचा तिला चढावर दम लागतो. शिवाय गाडीच्या पोटाखालून इंधनाची नळी व विजेच्या तारा जातात. इंधनाच्या नळीपासून सायलेन्सरची नळी किमान ३५ मिलिमीटर दूर असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सांगितले आहे. घरगुती जोडकामात हे अंतर मोजतो कोण? पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस, दोन्ही हवेपेक्षा जड. गळती झाली तर ती जमिनीलगत, गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते आणि दूरच्या एका ठिणगीने पेट घेते.

डिझेलच्या ट्रकांविषयी फार बोलत नाही. त्यांना प्लग नसतो, म्हणून तेथे हीच युक्ती चालत नाही; अमेरिकेत काही हौशी लोक जादा डिझेल सोडून काळ्या धुराचे लोट काढतात, इतकेच. ज्वाळेचे खरे ट्रक जत्रांतून दिसतात, ते विमानाची जेट इंजिने बसविलेले. असा तीन जेट इंजिनांचा एक ट्रक २ जुलै २०२२ रोजी मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे हवाई कसरतींच्या कार्यक्रमात, हजारो प्रेक्षकांसमोर, अपघातात सापडला आणि त्याचा अनुभवी चालक मरण पावला. तेथे तर बंद धावपट्टी होती आणि मदतीला माणसे तयार होती.

आता आपल्या गोव्याकडे पाहू. आपले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना घरे. मोटारीच्या मागे हातभर अंतरावर दुचाकी असते. सायलेन्सरचे तोंड ज्या उंचीवर, त्याच उंचीवर मागच्या दुचाकीस्वाराचे पाय, पायलटच्या मागे बसलेल्या बाईच्या साडीचा पदर, मुलीची ओढणी. कृत्रिम धाग्याचे कापड जळताना वितळून कातडीला चिकटते, हे डॉक्टरांना विचारावे. माघ-फाल्गुनात काजूच्या बागांतून पातेरा वाळून कुरकुरीत झालेला असतो. अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी असते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व परिसरात अनेक ठिकाणी वणवे पेटले आणि ते विझविण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली, हे आपण विसरलेले नाही. ते वणवे मोटारींनी लावले असे मी मुळीच म्हणत नाही. त्या दिवसांत आपले रान किती सहज पेटते, एवढेच दाखवायचे आहे. नुसत्या तापलेल्या कन्व्हर्टरनेही खालचे वाळके गवत पेटू शकते. म्हणून गवतावर गाडी उभी करू नये, अशी सूचना मोटारींच्या माहितीपुस्तिकांत असते. मग उघड्या ज्वाळेची कथा काय?

कायद्याची बाजू पालकांनी नीट ऐकावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराबद्दल मालकास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आवाज व हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद वा १०,००० रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, शिवाय ३ महिने परवान्यास अपात्रता, असे कलम १९० मध्ये घातले. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक वा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ही तरतूदही त्याच दुरुस्तीची. 'मुलाने केले, मला ठाऊक नव्हते' एवढे म्हणून भागत नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर येते.

तथापि केवळ दंडाच्या भीतीने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही, आणि येथे पुन्हा कॅलिफोर्नियाचीच हकीगत उपयोगी पडते. १९५१ साली वॉली पार्क्स या गृहस्थांनी या मोटारवेड्या तरुणांची एक राष्ट्रीय संघटना उभारली. त्यांना रस्त्यावरून उचलून बंद धावपट्टीवर आणणे हा तिचा हेतू. १९५३ च्या एप्रिलमध्ये पोमोना येथील जत्रेच्या मैदानाच्या वाहनतळावर तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. तेथील पोलीस सार्जंट बड कून्स यांनी या कामी मुलांना हुसकावण्याऐवजी साहाय्य केले. १९५४ साली तेच कून्स तीन सहकाऱ्यांसह एक मोटार व तिच्यामागे सामानाची गाडी जोडून देशभर हिंडले आणि गावोगावच्या लोकांना सुरक्षित शर्यत कशी भरवावी, गाडीची तपासणी कशी करावी हे शिकवीत गेले. प्रसिद्धीच्या कामात असणाऱ्या माझ्यासारख्याला त्या चौघांचा हेवा वाटतो.

आपल्याकडेही असे मार्ग आहेत. इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २००७ साली 'बाहा' ही स्पर्धा सुरू झाली. तीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका माणसाची खडतर रस्त्याची गाडी स्वतः बांधतात आणि तिची सुरक्षिततेची तपासणी उत्तीर्ण झाल्याखेरीज त्यांना मैदानात उतरू देत नाहीत. आपल्या गावातील मुले दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी हात हलविणारा, डोळे फिरविणारा नरकासुर बांधतात, शिगम्याच्या चित्ररथावर यंत्राने हलणारी चित्रे उभी करतात. हे कसब सामान्य नव्हे. ते करणाऱ्या मुलाला 'वाया गेलेला' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी माझे कधीच जमलेले नाही.

तेव्हा शिक्षक बंधूंना विनंती की, विज्ञानाच्या तासाला ज्वलनाचा धडा येईल तेव्हा या सायलेन्सरचे उदाहरण अवश्य घ्यावे. मुले कान टवकारून ऐकतील. गावातल्या मेस्त्रींनी असे काम आले तर नकार द्यावा आणि का नाकारले तेही मुलाला समजावून सांगावे. पंचायतींनी शिगमो, कार्निव्हाल व नरकासुराच्या स्पर्धांच्या अटींत, ज्वाळा काढणारे वाहन मिरवणुकीत आणता येणार नाही, असे कलम घालावे. गवत, बांबू व कागदाच्या पुतळ्याशेजारी अशी गाडी उभी राहणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

आणि एखादी गाडी पेटलीच, तर इंजिन बंद करून सर्वांनी दूर व्हावे. बॉनेट पूर्ण उघडू नये, हवा मिळून आग भडकते. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे वापरावे, ते नसेल आणि आग लहान असेल तर वाळू टाकावी. त्याआधीच कोणी तरी १०१ वा ११२ या क्रमांकावर कळवावे. माझे बोलणे येथे थांबवतो. अग्निशामक दलाचे जवान बाहेर प्रांगणात थांबले आहेत. ते नळकांडे कसे चालवावयाचे ते दाखवतील. पालकांनी आपल्या मुलांना पुढे उभे करावे आणि ज्यांना इच्छा असेल त्यांनी ते स्वतः हातात धरून पाहावे.