आरशातील अंतर
(नार्नूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



वक्र आरशांविषयी बोलावयाचे तर आपणांस फार दूर जावयास नको. या परिसरातील तांड्यांवर बंजारा भगिनींच्या काचळीवर आणि फेटियावर जे इवलेसे आरसे टाकलेले असतात, ते जुन्या पद्धतीत सपाट काचेचे नसत. कारागीर काचेचा पातळ फुगा फुंकीत, त्यास आतून चकाकता लेप देत आणि मग त्याचे तुकडे करीत. फुग्याचा तुकडा किंचित फुगीर राहणारच. म्हणून रुपयाएवढ्या त्या टिकलीत समोरचे अंगण, झाड, माणसे असे बरेच काही मावे. हा बहिर्गोल आरसा.

खोलगट असतो तो अंतर्गोल. घरातील स्टीलचा नवा चमचा घ्या. त्याच्या खोलगट बाजूत आपला चेहरा उलटा दिसतो. पण बोट अगदी टेकण्याइतके जवळ नेले की ते सुलट आणि मोठे दिसू लागते. एकाच चमच्यात हे दोन चमत्कार कसे? दुरून येणारे समांतर किरण अंतर्गोल आरशावरून परतून एका बिंदूपाशी एकवटतात. ती त्याची नाभी. वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर असणारी. वस्तू नाभीच्या पलीकडे असेल तर परतलेले किरण खरोखरच आरशापुढे भेटतात आणि उलटी, कागदावर धरता येणारी वास्तव प्रतिमा घडते. वस्तू नाभीच्या अलीकडे आली की किरण भेटतच नाहीत. ते आरशामागून येत असल्याचा डोळ्यास भास होतो. दाढीचा आरसा आणि दंतवैद्याचा मोठे दाखविणारा आरसा याच भासावर चालतात. दिवाच नाभीपाशी ठेवला तर किरण समांतर होऊन बाहेर पडतात. ती आपली विजेरी.

मात्र गोलाकार आरशाच्या कडेचे किरण नेमके नाभीत पडत नाहीत. म्हणून मोठ्या कामाला अन्वस्ताकार पृष्ठ लागते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ साली अशा ७३ तबकड्या बसविल्या गेल्या. त्यांनी एकवटलेल्या उन्हाने पाण्याची वाफ करून अन्न शिजविण्याची ती योजना. आपल्या तेलंगणात उस्मानिया विद्यापीठाच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत १९६८ साली ४८ इंची आरशाची दुर्बीण कार्यान्वित झाली. चूल आणि चांदणी यांचे शास्त्र एकच आहे, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

आता पुन्हा बहिर्गोलाकडे, कारण त्याच्याशी आपल्या जिवाची गाठ आहे. घाटाच्या वळणावर खांबाला लावतात तो हाच, आणि मोटारसायकलच्या मुठीशी असतो तोही बहुधा हाच. त्यातील प्रतिमा नेहमी सुलट, आभासी आणि लहान. लहान म्हणूनच त्यात रस्त्याचा पुष्कळ भाग मावतो. पण या सोयीची किंमत मोजावी लागते.

थोडे गणित करू. समजा, आरशाची वक्रता-त्रिज्या १ मीटर, म्हणजे नाभी ५० सेंटीमीटरवर. मागची मालमोटार आरशापासून १० मीटरवर आहे. सूत्राने तिची प्रतिमा आरशामागे सुमारे ४८ सेंटीमीटरवर पडते आणि मूळ उंचीच्या एकविसाव्या हिश्श्याची होते. डोळा आरशापासून अर्ध्या मीटरवर धरला, तर सपाट आरशात ती जेवढी दिसली असती त्याच्या जवळजवळ निम्मीच येथे दिसते. आपले मन आकारावरून अंतर ठरविते. म्हणजे १० मीटरवरची मालमोटार २० मीटरवर आहे असे वाटते, आणि आपण निर्धास्तपणे वळतो!

मोटारीच्या आतला मधला आरसा बहुधा सपाट असतो, म्हणून बाहेरच्या आरशात दिसलेले वाहन त्यात पडताळून पाहता येते. दुचाकीस्वाराला ही सोय नाही. त्याने आरशात पाहावे ते मागे कोणी आहे काय एवढेच. किती जवळ आहे, हे वळण्यापूर्वी मान फिरवून.