रोगाचा सातबारा कोणाच्या नावावर?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी हे आपले नेहमीचे विषय. आज दवाखान्याच्या कागदाबद्दल बोलायचे आहे. हा विषय शेतीबाहेरचा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचे घर कशाने बसते याचा हिशेब मांडा, नापिकी आणि पडलेल्या भावाच्या शेजारीच दवाखान्याचा खर्च दिसेल.

2017 चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. अशा वेळी डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, कोणते औषध फवारले? मोनोक्रोटोफॉससारख्या विषावर ॲट्रोपीन देतात, पण प्रत्येक विषाला तो उतारा चालत नाही. आणि पुढे भरपाईचा प्रश्न निघाला की सगळे केसपेपरवर येऊन थांबते. त्यावर विषाचे नाव नसेल तर कंपनी मोकळी, सरकार मोकळे. दोष काय तो तोंडाला फडके न बांधणाऱ्या मजुराचा.

आता सरकार म्हणते, ही नोंद संगणकात ठेवू. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला 14 आकडी 'आभा' नंबर मिळतो. पाच लाखांच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड वेगळे आणि हे वेगळे, यात गल्लत नको. कल्पना अशी की नोंद ज्या दवाखान्यात झाली तिथेच राहील आणि तुम्ही संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसेल. कल्पना चांगली आहे. गावाकडे केलेली रक्ताची तपासणी नागपूरला किंवा संभाजीनगरला दिसली तर तीच तपासणी पुन्हा करून पैसे जाणार नाहीत.

मग अडचण कुठे आहे? सातबारा आपल्या नावाचा, पण दप्तर तलाठ्याकडे, म्हणून आपण किती खेटे घातले! आजाराच्या नोंदीचेही तसेच होऊ शकते.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. तिथे 2009 च्या कायद्याने डॉक्टरांना आणि दवाखान्यांना संगणकी नोंदींसाठी अब्जावधी डॉलर दिले. त्याआधी दहातल्या एका दवाखान्यातही धड व्यवस्था नव्हती. 2015 पर्यंत जवळपास सगळ्यांनी ती घेतली. पण एका दवाखान्याचा संगणक दुसऱ्याशी बोलेना. डॉक्टर रोग्याकडे बघायचे सोडून पडद्याकडे बघत टंकत बसले. नोंदी अडवून ठेवायला मनाई करणारा कायदा त्यानंतर 2016 साली करावा लागला. पैसा आधी यंत्राला मिळाला, रोग्याच्या हक्काची आठवण मागून झाली.

आपल्याकडेही 1 जानेवारी 2023 पासून दवाखाने, तपासणी केंद्रे आणि संगणक कंपन्यांना अशा नोंदींमागे पैसे देण्याची योजना लागू झाली. ज्याच्या शरीराची नोंद, त्याला काय मिळाले? माल आपला, काटा त्यांचा, भावही त्यांचाच. हा व्यवहार आपल्याला बाजार समितीत चांगला कळलेला आहे.

दुसरी गोष्ट संमतीची. आभा नंबर ऐच्छिक आहे. तरी 2021 मध्ये कोरोनाची लस घेताना आधार दाखवणाऱ्या अनेकांचे नंबर त्यांना नीट न सांगताच तयार झाले. संमती येते मोबाइलवरच्या आकड्याने. घरात मोबाइल एक, तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. मग बाईच्या आजाराची संमती कोण देणार? ज्या आजाराबद्दल ती घरातही बोलत नाही, त्याची नोंद कोण वाचणार? मायबहिणींनो, हा प्रश्न तुम्हीच विचारायचा आहे.

तिसरी गोष्ट. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस काम हाताने लिहून चालवावे लागले. दिल्लीची ही गत, तर आपल्या तालुक्यात वीज गेल्यावर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून संगणकाला विरोध करा असे मी म्हणत नाही. नवे तंत्रज्ञान आपण कधी नाकारले नाही. आपले म्हणणे एवढेच, की नोंद रोग्याच्या मालकीची आहे आणि ती त्याच्या हातात पडली पाहिजे. हा हक्क कागदावर आजही आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे भरती रोग्याचे कागद तीन वर्षे जपायचे असतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. आपण मागत नाही, म्हणून मिळत नाहीत.

गावोगावच्या शाखांनी एवढे करावे. विषबाधा झाली तर रोग्याबरोबर औषधाची बाटली न्यावी आणि तिच्यावरचे नाव केसपेपरवर लिहून घ्यावे. सुट्टी होताना सर्व कागदांची प्रत लेखी अर्ज देऊन मागावी, अर्जाची पोच घ्यावी. आभा नंबर काढायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावे. काढलाच तर शक्यतो स्वतःच्या मोबाइलवर. कागदाची पिशवी मात्र फेकू नये.

आणि सरकारकडे मागणी एकच: ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला त्याच्या नोंदीची मराठीत छापलेली प्रत दवाखान्यातच फुकट मिळावी. हा ठराव आज मांडतो आहे. पटला असेल तर हात वर करा.