सुसंगत बोलणारा रोगी

वेडा म्हटला की केस पिंजारलेला, असंबद्ध बडबडणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. आज आम्ही बोलणार आहोत तो रोगी तसा नव्हे. हिशेब चोख, बोलणे सुसंगत, दुकान नीट चाललेले. मन अडकलेले असते ते एकाच ठिकाणी. शेजारी जेवणात विष कालवतात, बायको फसवते, कोणी पाळतीवर आहे! या विकाराला भ्रमविकृती म्हणतात.

ग्लासगोचा कातारी डॅनियल मॅक्नॉटन याने २० जानेवारी १८४३ रोजी लंडनमध्ये पंतप्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांना पाठीमागून गोळी घातली. पाच दिवसांनी ते वारले. टोरी पक्षाचे लोक आपला पिच्छा पुरवतात, अशी त्याची खात्री होती. वेडाच्या कारणावरून तो निर्दोष ठरला. त्यावर उठलेल्या ओरड्यातून जे नियम झाले, त्यांचीच छाया आपल्या १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमावर आहे. आज ते न्याय संहितेचे २२ वे कलम आहे.

पण कायद्यापेक्षा आम्हांला निराळीच गोष्ट खुपते. गोळी झाडण्यापूर्वी हा मनुष्य बापाकडे गेला होता, पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला होता, ‘मला वाचवा’ म्हणत होता. हा भ्रम आहे हे ऐकणाऱ्यांना कळलेही. पण पुढे कोणी काही केले नाही.

मग घरच्यांनी करावे काय? वाद घालू नये. समोरून गेलेली मोटारसुद्धा रोग्याला पुरावाच असते. हो ला हो मिळवणे तर त्याहून वाईट. ‘तुला झोप नाही, भीती वाटते, हे आम्हांला दिसते, त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ,’ एवढे म्हणावे. भीती तर खरीच असते ना! डॉक्टर आधी दारू, मेंदूचा आजार, म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश यांपैकी काही मुळाशी आहे का ते पाहतात. मग औषधे आणि विश्वासाने चाललेले संभाषण. गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात.

आमटीत गुपचूप गोळी मिसळण्याची युक्ती पुष्कळ घरांत चालते. ज्याला विषाचा संशय, त्याच्याच ताटात! एकदा उघडकीस आली की त्याचा भ्रम खरा ठरला म्हणून समजा.

मात्र तो कोणाचे नाव घेऊन धमकी देऊ लागला, हत्यार जवळ बाळगू लागला, तर वाट पाहू नये. बायकोवर संशय असेल तर आधी तिला सुरक्षित जागी न्यावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सल्ल्यासाठी १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मराठीतूनही बोलता येते.