लोर्नाचा आवाज आणि पाड्यावरचा तारपा
(मिशनच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेवाकार्याच्या मेळाव्यात जॅझ गायिकेचे काय काम, असे काहींना वाटेल. पण लोर्ना कोर्देरो यांची कोकणी गाणी आपल्या वसईतल्या लग्नांतही वाजतात. त्यांचा जन्म 1946 सालचा, मुंबईतला. मडगावच्या ख्रिस पेरी यांनी तो आवाज हेरला. पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे, गाणी रचायचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे जॅझ त्यांनी मांडोच्या मातीत असे कालवले, की गोव्याच्या माणसाला ते घरचेच वाटले.

हे कसब आले कुठून? गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून. तिथे मेस्त्री गरिबाघरच्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तीच मुले पोटासाठी मुंबईत आली, धोबीतलावच्या कुडांत राहिली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. पडद्यावर नाव बहुधा दुसऱ्याचेच यायचे.

लोर्नांचे ‘बेबदो’ ऐका. बेबदो म्हणजे आपला बेवडा. दारूबंदीवर आम्ही पाड्यात तासतासभर बोलतो, बाया मान डोलावतात आणि पुरुष मागच्या मागे उठून जातात. गाण्यातून कुणी उठून जात नाही!

हा आवाज 1970च्या दशकात थांबला. पेरींची साथ सुटली आणि लोर्ना वीसेक वर्षे गायल्याच नाहीत. 1995मध्ये परतल्या, तेव्हा गोव्याने त्यांना डोक्यावर घेतले. पुढे त्या दोघांच्या आयुष्यावर बेतलेल्या ‘नाचुंया कुंपासार’ या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ही वीस वर्षे माझ्या मनातून जात नाहीत, कारण आवाज बंद पडताना मी पाहिला आहे. एका वसतिगृहात आम्ही मुलींना कीबोर्डवर इंग्रजी गीते शिकवत होतो. एक वारली मुलगी मध्येच तिच्या आजीचे लग्नगीत गुणगुणली. बाकीच्या हसल्या. मीही हसलो, हे कबूल करतो. त्यानंतर वर्षभर तिने मिस्सातही तोंड उघडले नाही. आणि आम्ही कोण हसणारे? आमच्या आजीची कादोडीतली लग्नगीते आमच्याच मुलांना येत नाहीत.

गेल्या भातकापणीनंतर तिच्या वडिलांना आम्ही तारपा घेऊन बोलावले. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पाने, एवढ्यातून ते वाद्य बनते. तारपेवाला वळेल तशी नाचणाऱ्यांची साखळी वळते. मुलगी आधी दाराआड उभी होती. मग आली आणि साखळीत शिरली. गायली मात्र नाही.

नाताळाला तुम्ही पाड्यांवर याल. खाऊ आणि कपडे जरूर आणा. पण वाटप उरकून गाडीत बसू नका. ओट्यावर टेका, आजीबाईंना एक गाणे म्हणायला सांगा, आणि ते कुणाचे, कुणी रचले, हे विचारून नावानिशी वहीत लिहून घ्या. वही मी देईन.